नदीने मागितलेली वेणी

बालगृहात कला शिकवायला येणारा प्रत्येक माणूस पहिल्याच दिवशी मुलींना घराचं चित्र काढायला का लावतो, हे छबूबाईला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. घर असतं तर या पोरी इथे कशाला आल्या असत्या, एवढा साधा विचार शिकल्यासवरल्या माणसांना सुचू नये, याचं तिला नवल वाटायचं आणि रागही यायचा. मुली मात्र मुकाट्याने दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली कौलारू घर काढून मोकळ्या व्हायच्या. त्यातल्या बऱ्याचजणींनी कौलारू घर चित्रातच पाहिलेलं होतं.

अहिल्यानगरबाहेर नागापूरची एमआयडीसी ओलांडून मनमाडच्या रस्त्याला लागलं की आतल्या बाजूला हे बालगृह होतं. सहा ते अठरा वर्षांच्या बत्तीस मुली, वर अधीक्षक म्हणून शुभांगी मॅडम, आणि मुलींना उठवण्यापासून निजवण्यापर्यंतचं सगळं बघायला छबूबाई. ती नेवाशाकडच्या एका खेड्यातली. नवरा गेल्यावर इथे कामाला लागली आणि इथलीच झाली. दरवर्षी कुठली ना कुठली संस्था आपला उपक्रम घेऊन यायची. एका वर्षी कागदी फुलं झाली, एका वर्षी वारली चित्रं. एका वर्षी एक ताई आल्या, त्यांनी ‘माझ्या आयुष्याचं झाड’ काढायला लावलं आणि मुळांपाशी आईवडिलांची नावं लिहायला सांगितली. मुळांपाशी काय लिहायचं हे निम्म्याजणींना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी फांद्यांना भरपूर सफरचंदं काढली. मुलींचे चेहरे बाहेर दाखवायचे नाहीत असा कायदा आहे, तेव्हा ताई सफरचंदांचे फोटो काढून घेऊन गेल्या.

ओंकारदादा आला तेव्हा छबूबाई अशीच नाक मुरडून दारात उभी होती. पुण्याच्या एका संस्थेचा तिशीतला पोरगा, खांद्याला गिटार, दाढी वाढलेली. एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीने खर्च उचलला होता आणि तीन महिने दर शनिवार-रविवार तो मुलींचं गाणं बसवणार होता. पण त्याने घर काढायला लावलं नाही. सतरंजीवर मुलींच्या गोलात बसला, दुपारी त्यांच्याबरोबर डाळभात जेवला आणि उठून स्वतःचं ताट स्वतः घासलं. ताट घासणाऱ्या पुरुषाबद्दल वाईट मत करून घेणं छबूबाईला जमायचं नाही. दुसऱ्या शनिवारी तिने त्याच्यासाठी शेंगदाण्याची चटणी वाटून ठेवली.

“इथं चूक काही नसतं आणि बरोबर काही नसतं,” तो मुलींना सांगायचा. “सगळं आपण मिळून ठरवायचं.” काही ठरवायचं झालं की तो हात वर करायला लावायचा. आयुष्यात कुणी कधी काही विचारलं नव्हतं अशा त्या मुली हात वर करताना इतक्या फुलायच्या, की छबूबाईलाही वाटायचं, चला, यंदा कुणीतरी बरा माणूस आला.

दुसऱ्या रविवारी त्याने विचारलं, “घरातलं एखादं गाणं कुणाला आठवतं? आईचं, आजीचं, कुणाचंही.”

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने सिनेमातलं म्हटलं, एकीने शाळेतली कविता म्हटली. अश्विनी नावाच्या मोठ्या मुलीने साबणाची जाहिरात म्हणून दाखवली आणि सगळ्या हसल्या. ओंकारदादाही हसला, पण त्याचा चेहरा जरा पडला. तो पडलेला छबूबाईने पाहिला, आणि तिच्या तोंडाला आवर राहिला नाही.

“आमच्या स्नेहलला येतं की,” ती दारातून म्हणाली. “तिच्या आईचं हाय. लई गोड हाय.”

स्नेहलने मान वर करून छबूबाईकडे बघितलं. ती नजर छबूबाईला नंतर पुष्कळदा आठवली. त्या वेळी तिला वाटलं, पोरगी लाजते आहे.

स्नेहल बारा वर्षांची होती. सहाव्या वर्षी कोपरगावकडून आली होती. तिच्या फाइलमध्ये एकच कागद होता. आईचं नाव मनकर्णा, वीटभट्टीवर मजूर, तापाने मयत. वडील, माहिती नाही. नातेवाईक, माहिती नाही. फोटो नव्हता. येताना अंगात असलेला फ्रॉक वर्षभरात आखूड झाला आणि दुसऱ्या मुलीला गेला. आईकडून तिला आलेल्या दोनच गोष्टी उरल्या होत्या, कमरेपर्यंतचे दाट केस आणि ते गाणं.

गाणं ती फक्त वेणी घालताना म्हणायची. रविवारी छबूबाई मुलींना ओट्यावर बसवून एकेकीचे केस विंचरायची. बाकीच्या कुरकुरायच्या, रडायच्या, उवांवरून भांडायच्या. स्नेहलचा नंबर आला की ती डोळे मिटून हळूच सुरू करायची.

माझ्या लेकीची गं येनी, लांब गेली नदीपातूर
नदी म्हनली गं बाई, येनी दे गं घटकाभर

पण ते असं सरळ कधीच नसायचं. ‘लांब गेली’ म्हणून झालं की त्याच चालीत ती म्हणायची, “मुंडी सरळ,” आणि मग ‘नदीपातूर’. दुसऱ्या ओळीच्या शेवटी यायचं, “हाड, हाड,” बहुतेक कोंबडीला. तिसऱ्या ओळीला तर शब्दच नव्हते. स्नेहल दात मिटून नुसती गुणगुणायची, वर जाऊन मधेच अडकल्यासारखी, पुन्हा खाली येऊन. मग एकदम मोकळ्या आवाजात चौथी ओळ.

चल घराला गं लेकी, ऊन आलं डोईवर

छबूबाईने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, “मधलं कडवं इसरली व्हय गं?”

“न्हाई,” सहा वर्षांची स्नेहल म्हणाली होती. “तवा आईच्या तोंडात रिबीन असती.”

एका हाताने पेड धरायचे, दुसऱ्या हाताने वळायचे आणि रिबीन दातात धरायची, हे छबूबाई स्वतः दर रविवारी करत होती. पोरीने आईचं सगळंच्या सगळं उचललं होतं, गाणंही आणि गाणं म्हणताना चाललेलं कामही. छबूबाईला त्या दिवशी रडू आलं होतं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

आणि आता भर सतरंजीवर सांगून बसली.

मुलींनी आग्रह केला. ओंकारदादा म्हणाला, “मनात नसेल तर नको.” पण एकतीसजणी बघत असताना नको म्हणायला फार जोर लागतो. शिवाय छबूमावशीने सांगितलेलं. स्नेहलने म्हटलं. ‘मुंडी सरळ’ आलं तेव्हा मुली खिदळल्या, ‘हाड, हाड’ला लोळल्या. ओंकारदादा मात्र हसला नाही. त्याने फोन काढून ते रेकॉर्ड केलं. “हे फार मोठं आहे,” तो छबूबाईला बाहेर येऊन म्हणाला. “याच्यावरच कार्यक्रम करायचा.” छबूबाईची छाती अभिमानाने फुगली. आपलीच पोर असल्यासारखं तिला झालं.

मग काम सुरू झालं. चाल पक्की करायची म्हणून ओंकारदादाने ताल धरला, आणि तालात ‘मुंडी सरळ’ बसेना. बत्तीसजणींनी एकदम ‘हाड, हाड’ म्हणायचं म्हणजे कोंबड्यांचा बाजारच. ते दोन्ही गेलं. तिसऱ्या ओळीशी तो बराच अडला. सगळ्यांनी नुसतं गुणगुणून पाहिलं, पण ते दुखणाईत माणसाच्या कण्हण्यासारखं ऐकू यायला लागलं.

“ही ओळ राहिलीय,” तो म्हणाला. “नदी वेणी मागते, मग आई काय उत्तर देते? आपण सगळ्या मिळून पूर्ण करू.”

मुलींना भलताच उत्साह आला. पंधरा-वीस ओळी सुचल्या, त्यातून जोडून त्याने एक केली. आई म्हणे घे गं नदी, माया माझी जन्मभर. ऐकायला गोड होती. छबूबाई भिंतीला टेकून मटार सोलत होती, तिलाही ती आवडली.

स्नेहलने बोट वर केलं. “माझी आई ‘घे’ म्हनली नसंल.”

“मग काय म्हणत असेल?” ओंकारदादाने विचारलं. त्याने अगदी मनापासून विचारलं.

“म्हाईत न्हाई. रिबीन हुती ना तोंडात.”

मुली पुन्हा हसल्या. ओंकारदादाने त्यांना गप्प केलं, स्नेहलला जवळ बसवलं. म्हणाला, “तुझं गाणं आहे, तुझी परवानगी हवी. पण आता ते सगळ्यांचंही होतंय ना? हात वर करून ठरवूया का?”

एकतीस हात वर गेले. स्नेहलने इकडेतिकडे बघितलं आणि आपलाही केला. छबूबाईने ते पाहिलं. तिच्या मनात काहीतरी खुपलं, पण शिकलेली माणसं करतात ते विचारानेच करत असतील असं म्हणून तिने मटाराचं भांडं उचललं आणि आत गेली.

कार्यक्रम अहिल्यानगरमधल्या एका सभागृहात झाला. मुलींना एकसारखे निळे ड्रेस मिळाले, चेहऱ्यावर उजेड पडू नये म्हणून दिवे मागून लावले होते. ढोलकी होती, बासरी होती. छबूबाई लग्नातली राखून ठेवलेली साडी नेसून गेली. ‘आई म्हणे घे गं नदी’ ही ओळ मुलींनी तीनदा घेतली आणि तिसऱ्या वेळी सभागृहातली निम्मी माणसं डोळे पुसत होती. कंपनीचे साहेब उभे राहिले. छबूबाई ढसाढसा रडली आणि सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या तिनेच वाजवल्या.

पुढच्या रविवारी तिने मुलींना ओट्यावर बसवलं. स्नेहलचा नंबर आला. तेलाचा हात फिरला, फणी फिरली, आणि स्नेहलने डोळे मिटून सुरू केलं. ढोलकीच्या ठेक्यात केलं. ‘लांब गेली नदीपातूर’ सरळ म्हटलं. दुसरी ओळ झाली आणि ‘आई म्हणे घे गं नदी’ आपोआप तोंडात आलं तशी ती थांबली.

पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पुन्हा तिथेच आली. या खेपेला तिने दात घट्ट मिटले आणि गुणगुणायला गेली, तर गुणगुणण्यातही तीच ओळ होती, बासरीसकट.

“मावशी,” ती म्हणाली, “ते कसं हुतं?”

“कोनतं?”

“आईचं. ते रिबिनीचं. वर जाऊन कुठं वळत हुतं?”

छबूबाईने सहा वर्षं दर रविवारी ते ऐकलं होतं. कानांना ते ओळखीचं होतं, समोर आलं असतं तर तिने लगेच सांगितलं असतं, हेच. पण घशातून काढायला गेली तर काही येईना. तिने रिबीन दातात धरली आणि प्रयत्न केला. जे निघालं ते तिच्या स्वतःच्या माहेरच्या जात्यावरचं होतं. दुसऱ्यांदा केलं तेव्हाही तेच निघालं.

“राहू द्या मावशी,” स्नेहल म्हणाली, जणू चुकलं ते छबूबाईचंच आणि तिला वाईट वाटू नये एवढीच पोरीला काळजी.

छबूबाईने त्याच दुपारी ओंकारदादाला फोन लावला. तो तिकडे नंदुरबारला दुसऱ्या बालगृहात होता.

“सर, ते पहिल्यांदा तुमी मोबाइलमंदी भरून घेतलं हुतं ना, पोरीचं गानं, ते धाडा की.”

“पाठवतो मावशी,” तो म्हणाला. संध्याकाळी व्हिडिओ आला. स्नेहलला बोलावून तिने लावला. निळे ड्रेस, मागून दिवे, टाळ्या. छबूबाईने पुन्हा फोन केला. हे नव्हे, पहिलं, मुंडी सरळ वालं.

“मावशी, फोन भरला होता माझा. फायनल झाल्यावर सरावाच्या सगळ्या क्लिपा काढून टाकल्या. मला वाटलं, ते कच्चं आहे. पण मला आठवतं ते. मी म्हणून दाखवू?”

छबूबाईने फोन मोठ्या आवाजावर टाकला. त्याने म्हटलं. चांगलं म्हटलं, मधलं ‘मुंडी सरळ’ही घातलं, गुणगुणलाही. गळा तयार होता त्याचा. स्नेहल फोनला कान लावून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “तसं न्हाई.”

“मग कसं गं? तू सुरू कर, मी पकडतो.”

स्नेहलने तोंड उघडलं आणि मिटलं. आता तिच्या डोक्यात तीन गाणी झाली होती आणि त्यातलं एकही आईचं नव्हतं. तिने फोन छबूबाईच्या हातात दिला आणि ती कपडे काढायला दोरीकडे गेली. पलीकडून ओंकारदादा म्हणत होता, मी येतो, दोन दिवस बसू, सापडेल. छबूबाईला त्याचा राग करायचा होता. पण त्याचा आवाज रडवेला झाला होता, आणि गाणं दारात उभं राहून त्याच्या पदरात टाकलं होतं ते तिनेच. ती म्हणाली, “या सर, कवाबी या,” आणि फोन ठेवला. यायला त्याला दोन महिने तरी सवड होणार नव्हती.

स्नेहलने नंतर स्वतःच एक उपाय काढला. ते नवं गाणं कानावर पडलं नाही तर जुनं हळूहळू वर येईल, असं तिला वाटायचं. एकदोनदा पहाटे अर्धवट जागेपणी ते तिला ऐकू आलं होतं म्हणे, नुसतं वर जाऊन वळलेलं, मग गेलं. “मावशी, पोरींना सांगा ना, म्हनू नका म्हनून. थोडे दिवस.”

छबूबाईने सांगितलं, धमकावलं, एकदोघींना धपाटेही घातले. पण एवढ्या मुलींच्या घरात टाळ्या मिळालेलं गाणं कोण थांबवणार. धुणं धुताना चालू, झाडताना चालू, जेवणाच्या रांगेत चालू. मागच्याच आठवड्यात आलेली सहा वर्षांची संस्कृती, जी कुणाशी बोलत नव्हती, ती पहिल्यांदा तोंड उघडून काही म्हणाली ते ‘आई म्हणे घे गं नदी’. तिला गप्प बस म्हणायला छबूबाईची जीभ वळली नाही. स्नेहल दिसली की मुली उलट मोठ्याने म्हणायच्या, प्रेमाने, तिचं गाणं म्हणून. ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायची.

मग शुभांगी मॅडमनी रोजच्या प्रार्थनेत ते गाणं घ्यायचं ठरवलं. कंपनीचे साहेब पुढच्या महिन्यात येणार होते.

छबूबाई ऑफिसात गेली. जन्मात ती मॅडमना कधी नाही म्हणाली नव्हती. “मॅडम, ते गानं नगा घेऊ. स्नेहलला तरास हुतो. तिच्या आईचं हरवलं त्याच्यात.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या वाईट बाई नव्हत्या. “छबूबाई, काय हरवलं? गाणं तर तिचंच आहे. उलट पूर्ण झालं. सगळ्या मुली तिच्या आईचं गाणं म्हणतात, याच्याहून मोठा मान कोणता?”

छबूबाईला सांगायचं होतं की त्या बाईने नदीला ‘घे’ म्हटलंच नव्हतं. काय म्हटलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणूनच ते पोरीचं होतं. पण हे तिला शब्दांत सांगता येईना. “रिबीन हुती तोंडात,” एवढंच ती म्हणाली, आणि ते तिचं तिलाच खुळ्यासारखं वाटलं.

“बरं, मी समुपदेशक ताईंना सांगते स्नेहलशी बोलायला,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेन उचललं.

सोमवारी सकाळी मुली अंगणात चार रांगांत उभ्या राहिल्या. मॅडम समोर, छबूबाई कडेला. ‘माझ्या लेकीची गं येनी’ सुरू झालं. स्नेहल तिसऱ्या रांगेत होती. तिने दोन्ही हात कानांवर दाबून धरले, डोळे मिटले आणि ओठ आत घेतले. ती काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होती. कपाळावर आठी पडली होती, आणि छबूबाईला एक क्षणभर वाटलं की तिला ऐकू येतंय, आता येतंय.

मॅडमचं लक्ष गेलं. प्रार्थनेत असं उभं राहिलेलं त्यांना खपायचं नाही. त्यांनी छबूबाईकडे बघितलं आणि मानेने खूण केली.

छबूबाई जागची हलली नाही. मॅडमनी पुन्हा खूण केली, जरा कपाळाला आठ्या घालून. मुली दुसऱ्या ओळीवर आल्या होत्या. अकरा वर्षांच्या नोकरीत जे पाय सांगितल्याबरोबर निघत आले होते ते निघाले. ती रांगांमधून गेली, स्नेहलच्या पाठीमागे उभी राहिली, आणि तिने त्या पोरीची मनगटं धरली. मनगटं ताठ होती. छबूबाईने जरा जोर लावला तशी ती सुटली, आणि तिने दोन्ही हात खाली आणून सरळ केले.

स्नेहलने डोळे उघडून वर बघितलं, छबूबाईकडे. रागाने नाही. मग तिने समोर मान केली आणि ती बाकीच्यांबरोबर म्हणायला लागली. ‘आई म्हणे घे गं नदी’ तिने सगळ्यांबरोबर तीनदा म्हटलं, तालात, एक शब्द न चुकता.